कडक शॉकअप आणि एकोणतीस किलोमीटर

१५ जून २०२४ रोजी शाळा सुरू झाली आणि आठवडाभरातच माझी कंबर धरली. जुळे सोलापुरातील घरापासून अक्कलकोट तालुक्यातील माझी शाळा एकोणतीस किलोमीटरवर आहे. आसरा चौकातून निघून अक्कलकोट रस्त्याला लागले की कुंभारी, वळसंगपर्यंत तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. खरा त्रास आहे तो मुख्य रस्ता सोडल्यानंतरच्या सात किलोमीटरांचा, जिथे डांबर किती आणि खडी किती हे दर पावसाळ्यात नव्याने ठरते. वीस महिने मी हा रस्ता मोटारसायकलने निमूटपणे केला होता. या वर्षी मात्र पहिल्या तासाला फळ्यासमोर उभे राहताना टेबलाचा आधार घ्यावा लागू लागला आणि सहावीतल्या एका मुलीने खुर्ची आणून दिली, तेव्हा हे अंगावर काढण्यात अर्थ नाही हे लक्षात आले.

२४ जूनला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणीचे पाचशे आणि एक्स-रेचे साडेचारशे रुपये झाले. कण्याच्या खालच्या दोन मणक्यांमधले अंतर थोडे कमी झाले आहे, व्यायाम करा, असे सांगून त्यांनी विचारले, "सर, गाडी बंद करता येईल का?" येणार नव्हती. एसटीने गेलो तर प्रार्थना आणि पहिला तास दोन्ही बुडतात, आणि रोज अठ्ठावन्न किलोमीटर चारचाकी चालवणे शिक्षकाच्या पगाराला पेलणारे नाही. "मग निदान हादरे तरी कमी करा," एवढे म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले. हादरे कमी करणे हे वाक्य बोलायला जितके सोपे आहे तितके करायला नाही, हे मला पुढच्या दहा आठवड्यांत समजले. तो सगळा क्रम येथे तारखांसह आणि खर्चासह लिहून ठेवत आहे.

माझी गाडी साधी आहे. २०२२ च्या दसऱ्याला, म्हणजे ५ ऑक्टोबरला घेतलेली दीडशे सीसीची मोटारसायकल, पुढे नेहमीचे टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे दोन पाय) आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप, म्हणजे हादरे झेलणारी स्प्रिंग आणि तिच्या आतली तेलाची नळी. तोपर्यंत ती सुमारे चोवीस हजार किलोमीटर चालली होती आणि सगळ्या सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झाल्या होत्या. त्यामुळे साहजिकच १ जुलैला मी तिथेच गेलो. जॉब कार्डावर "मागचा शॉकअप हार्ड" एवढी एक ओळ लिहून घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली, धुऊन पुसून चकचकीत केलेली, सोबत ११४० रुपयांचे बिल आणि "कंपनी सेटिंगला आहे, ओके आहे" हा निर्वाळा. दुसऱ्या दिवशी शाळेत पोहोचलो तेव्हा हादऱ्यांत काडीचा फरक नव्हता.

७ जुलैच्या रविवारी मी पहिल्यांदा गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडली. डिकीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती वीस महिने न उघडता पडली होती, आणि मुलांना "आधी धडा वाचा, मग प्रश्न विचारा" असे रोज सांगणाऱ्या माणसाला हे शोभणारे नव्हते. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. ती पाच खाचांमध्ये फिरते, पहिली खाच सर्वांत मऊ, पाचवी सर्वांत कडक आणि कारखान्यातून गाडी तिसऱ्या खाचेवर येते, असे त्यात लिहिले होते. मी वाकून पाहिले तर डावी कडी चौथ्या खाचेवर होती आणि उजवी तिसऱ्या. दोन्ही बाजू सारख्याच असल्या पाहिजेत, ही सूचना त्याच पानावर ठळक अक्षरांत होती. हा फरक केंद्रात झाला असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, कारण गाडी देण्यापूर्वी मी तिकडे कधी पाहिलेच नव्हते. म्हणून पहिली सूचना अशी की गाडी कुठेही कामाला देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या खाचांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि जॉब कार्डाची प्रत मागून घ्यावी. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

गाडी डबल स्टँडवर लावली, टूलकिटमधला आकड्याच्या तोंडाचा पाना कडीत अडकवला आणि दोन्ही बाजू पहिल्या खाचेवर आणल्या. काम दहा मिनिटांचे आहे. मात्र कडी एकेक खाच करत फिरवायची असते. पहिलीवरून उलटी फिरवून थेट पाचवीवर नेण्याचा प्रयत्न केला तर कडी आणि पाना दोन्ही खराब होतात. संध्याकाळी सात रस्त्यापर्यंत चक्कर मारली तेव्हा गाडी गादीवरून चालल्यासारखी वाटली. घरी येऊन मी पत्नीला सांगितले की प्रश्न सुटला, आणि तेही एक रुपया न घालवता.

बुधवारी, १० जुलैला, त्या सात किलोमीटरांतल्या एका खड्ड्यात मागचे चाक गेले आणि खालून "ठण्ण" असा आवाज आला. शॉकअप पूर्ण दबून शेवटाला टेकला होता आणि उरलेला सगळा धक्का सरळ कंबरेत आला. शाळेत पोहोचेपर्यंत असे तीनदा झाले. कडक असताना जो त्रास दिवसभरात थोडा थोडा व्हायचा तो आता एकेका फटक्यात होऊ लागला. त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहिलो.

या ठिकाणी ती कडी नेमके काय करते हे सांगणे भाग आहे, कारण बहुतेकांचा माझ्यासारखाच गैरसमज असतो. कडी फिरवल्याने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरलेला असतो आणि तो पान्याने बदलत नाही. कडीने फक्त स्प्रिंगला आधीच किती दाबून ठेवायचे ते ठरते, म्हणजे माणूस बसल्यावर गाडी किती खाली बसेल ते ठरते. कमी दाबून ठेवली की गाडी खूप खाली बसते आणि खड्ड्यासाठी उरलेली जागा कमी होते. जास्त दाबून ठेवली की गाडी वरच राहते आणि खोलगट भागात चाकाला खाली उतरायला जागा मिळत नाही. माझे वजन ब्याऐंशी किलो, पाठीवरच्या पिशवीत डबा, पाणी आणि वह्या मिळून आणखी सहा किलो. पहिली खाच माझ्यासाठी नव्हतीच.

हे मला समजावून सांगितले ते माझ्या भाच्याने, आणि तो मोटारसायकलवाला नाही. तो कॅनडात विनिपेगला नोकरी करतो आणि गेले दोन हिवाळे मित्रांसोबत स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारसायकलसारखी गाडी, चालवतो. १७ जुलैला आषाढी एकादशीची सुट्टी होती. सकाळी आठ वाजता, म्हणजे त्याच्या आदल्या रात्री साडेनऊला, त्याचा फोन आला. मी कंबरेची कथा सांगितली तर तो हसून म्हणाला, "मामा, अगदी हेच माझं मागच्या जानेवारीत झालं होतं." बर्फावरच्या वाटा एकामागून एक जाणाऱ्या गाड्यांनी खडबडीत होतात आणि त्यावरून वेगाने गेले की कणा खिळखिळा होतो, असे तो सांगत होता. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की असतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र शॉक असतो; मागचा रबरी पट्टा ज्या सांगाड्यावर फिरतो त्याच्या आत आणखी दोन शॉक आणि पिळाच्या स्प्रिंगा असतात. त्या स्प्रिंगांची टोके ज्या ठोकळ्यांवर टेकतात ते ठोकळे फिरवून ताण कमीजास्त करता येतो आणि पुढच्या बाजूला असलेल्या एका पट्ट्याची लांबी बदलली की स्कींवर पडणारे वजन बदलते. हे सर्व त्याने सुरुवातीला अंदाजाने फिरवले आणि गाडी आणखी बिघडवली. मग तिथल्या एका जुन्या चालकाने त्याला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे टेप घेऊन मोजणे. गाडी स्वतःच्या वजनाने किती बसते, माणूस बसल्यावर किती बसते, ते लिहून ठेवायचे आणि मगच पान्याला हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "तुमच्याकडे बर्फ नाही, पण स्प्रिंग तीच," असे म्हणून त्याने मला फोनवरच कामाला लावले.

पद्धत अशी. गाडी डबल स्टँडवर लावली की मागचे चाक अधांतरी लोंबते. ते हाताने खाली ओढून पूर्ण उतरले आहे याची खात्री केली. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर बाजूच्या पॅनेलवर मुलीने खडूने एक खूण केली आणि टेपने अंतर मोजले: ४९२ मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवून मी पाठीवर शाळेची पिशवी अडकवून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसलो. पत्नीने पुढून हँडल धरले आणि मुलीने पुन्हा मोजले. येथे एक बारकावा आहे. मापे दोन घ्यायची: एकदा गाडीची शेपटी खाली दाबून हळूहळू सोडायची आणि जिथे थांबेल तिथे मोजायचे, दुसऱ्यांदा शेपटी किंचित वर उचलून हळूच सोडायची आणि मोजायचे. दोन्हींची सरासरी हे खरे माप. पहिल्या खाचेवर ही मापे ४४१ आणि ४५३ आली, सरासरी ४४७, म्हणजे गाडी ४५ मिलिमीटर बसत होती. मागच्या चाकाची एकूण हालचाल सुमारे ११० मिलिमीटर आहे आणि चालक बसल्यावर तिचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग वापरला जावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे मला २८ ते ३६ च्या दरम्यान राहायचे होते. तिसऱ्या खाचेवर मापे ४५२ आणि ४६४ आली, सरासरी ४५८, म्हणजे बैठक (गाडी खाली बसण्याचे माप) ३४. उपवासाची भगर जेवायला बसेपर्यंत हे सगळे वहीत लिहून झाले होते आणि माझ्यापुरती तिसरी खाच ठरली होती.

पण तिसरी खाच म्हणजे कारखान्याचीच खाच, आणि उजवी बाजू तिथेच असताना गाडी कडक लागत होती! भाच्याला मापांचा फोटो पाठवला तर त्याने सरासरीकडे पाहिलेच नाही. त्याचे बोट त्या दोन मापांतल्या फरकावर गेले. एकाच बसण्याची दोन मापे बारा मिलिमीटरने वेगळी का? तीन-चार, फार तर पाचचा फरक समजू शकतो. बाराचा अर्थ असा की काहीतरी अडकते आहे आणि ते मोकळेपणाने वर-खाली होत नाही. याचे उत्तर त्याला तिकडे बसून देता येणार नव्हते.

त्याच फोनमध्ये त्याने टायरमधली हवा विचारली होती. मी म्हणालो, दर आठवड्याला भरतो. किती, हे मला सांगता आले नाही. १८ जुलैला सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, नव्या पेठेतून आणलेल्या ३८० रुपयांच्या मीटरने मोजले तर मागच्या टायरमध्ये ४१ आणि पुढच्यात ३६ पीएसआय हवा निघाली. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर एकट्या चालकासाठी पुढे २५ आणि मागे २८ असे छापलेले होते, आणि ते वीस महिने माझ्या पायाजवळच होते. हवा भरणारा मुलगा दुचाकी दिसली की चाळीसच्या आसपास भरतो, आणि आपल्याकडच्या उन्हात रस्ता तापला की ती आणखी वाढते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजायची असते. मी दोन्ही टायर स्टिकरप्रमाणे केले आणि शाळेत गेलो. अतिशयोक्ती न करता सांगतो, बारीक खडीचा जो सतत थरथराट मनगटांत आणि कंबरेत जाणवायचा तो निम्म्याने कमी झाला. मोठ्या खड्ड्यांचे हादरे मात्र तसेच राहिले.

आता जे सांगणार आहे तो माझा आडमार्ग होता, पण त्यात आठवडा गेला आणि इतरांचा जाऊ नये म्हणून लिहितो. २० जुलैला एका ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने मला बाहेरच्या बनावटीचे गॅसचे शॉकअप दाखवले, जोडीचे साडेनऊ हजार रुपये. ते मूळ शॉकअपपेक्षा वीस मिलिमीटर लांब होते. "बसतात, काही होत नाही," असे त्याचे म्हणणे. मला ते "काही होत नाही" पटेना. २२ जुलैला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आरटीओमध्ये गेलो. बाहेरच्या एका एजंटाने दोनशे रुपयांत "परवानगी" काढून देण्याची तयारी दाखवली, पण कोणत्या फॉर्मवर हे त्याला सांगता आले नाही. आत चौकशीच्या खिडकीवर पाऊण तासाने नंबर आला आणि तिथल्या बाईंनी मात्र शांतपणे समजावून सांगितले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने दिलेला मूळ तपशील यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२-अ खाली पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मूळ बनावटीचा, त्याच मापाचा सुटा भाग बदलला तर तो दुरुस्तीत मोडतो आणि त्याला कोणताही अर्ज लागत नाही. "पावती जपून ठेवा सर, एवढंच," असे त्या म्हणाल्या. त्याच दिवशी मी विमा कंपनीला ईमेल केला होता, त्याचे उत्तर नऊ दिवसांनी आले: मूळ रचनेत बदल केला असेल तर तो आधी कळवावा, अन्यथा दावा नाकारला जाऊ शकतो. साडेनऊ हजार रुपये वाचले, आणि तो दुकानदार अजूनही मला पाहिले की हात करतो.

अडकते काय, हे शोधून काढले ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका छोट्या गॅरेजमधल्या मेस्त्रींनी. ते विडी घरकुलात राहतात, घरी तेलुगू बोलतात आणि गॅरेज टाकण्यापूर्वी बारा वर्षे एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे कारागीर, होते. २७ जुलैच्या शनिवारी दुपारी शाळेतून परतताना गाडी त्यांच्याकडे लावली आणि वही दाखवली. आकड्यांकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि मागचे चाक हाताने वर-खाली करून पाहा म्हणाले. शॉकअप नसताना चाक आपल्या वजनाने सहज खाली यायला हवे होते. ते मधेच थांबत होते आणि जोर लावला की कुरकुरत होते. "सर, स्प्रिंगला काय बी झालं न्हाई. ह्यो चिमटाच हलंना की," असे ते म्हणाले. मागचे चाक ज्या दुहेरी हाताला जोडलेले असते त्याला गॅरेजच्या भाषेत चिमटा म्हणतात. तो ज्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या नळीवर, हलतो तिथे ग्रीसचा मागमूस नव्हता; पाइपाच्या जोरदार फवाऱ्याने दर सर्व्हिसिंगला गाडी धुतली गेली होती आणि ते पाणी आत शिरून गंज धरला होता. यंत्रमाग असो की गाडीचा चिमटा, तेल नसलेल्या जागी तुम्ही स्प्रिंग कितीही बदला, धक्का बसायचाच, असे त्यांचे म्हणणे होते.

काम दीड दिवस चालले. चिमट्याचा लांब बोल्ट गंजामुळे निघेना, त्याला रात्रभर तेल पाजून ठेवावे लागले. रविवारी सकाळी तो निघाला. बुश घासून स्वच्छ केले, ग्रीस भरले, शॉकअपच्या वरच्या-खालच्या रबरी बुशांच्या आतील नळ्याही पुसून बसवल्या. त्याच वेळी पुढच्या फोर्कमधले तेल बदलले. चोवीस हजार किलोमीटरनंतर निघालेले तेल काळे आणि पाण्यासारखे पातळ होते, आणि उन्हात धरले तर त्यात धातूची चमक दिसत होती. पुढच्या फोर्कमध्ये चाक किती सावकाश वर-खाली व्हावे हे तेलच ठरवते, त्यामुळे त्याचा दाटपणा आणि माप दोन्ही महत्त्वाचे. अंदाजाने जास्त ओतले तर वरची हवेची जागा कमी होऊन फोर्क शेवटाकडे कडक होतो. मेस्त्री औषधाच्या दुकानातून आणलेल्या मोजपात्राने फोर्कच्या प्रत्येक पायात पुस्तिकेप्रमाणे नेमके मिलिलिटर मोजून घालत होते, हे पाहून मला फार बरे वाटले. शेवटी पुढचा आस पूर्ण घट्ट करण्यापूर्वी त्यांनी ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा पुढे दाबली, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय एका रेषेत बसतात आणि घासत नाहीत. हे अनेक ठिकाणी करत नाहीत; आपण शेजारी उभे असू तर आठवण करून द्यावी. तेल आणि ऑइल सीलचे ७१० रुपये, मजुरी ९०० रुपये.

घरी येऊन तिसऱ्या खाचेवर पुन्हा मोजले. दाबून सोडले तर ४५६, उचलून सोडले तर ४६०. सरासरी तीच, ४५८. म्हणजे बैठकीच्या आकड्यात काहीही बदल झाला नव्हता आणि स्प्रिंगही तीच होती, पण फरक बारावरून चारवर आला होता. सोमवारी त्या सात किलोमीटरांत मला पहिल्यांदाच जाणवले की खड्ड्यात चाक वर-खाली होते आहे आणि मी बऱ्यापैकी जागच्या जागी आहे.

गोष्ट येथे संपली असती, पण मेस्त्रींनी गाडी जोडताना उजव्या शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दाखवली होती. आतले तेल झिरपत होते. ते संपले की स्प्रिंग नुसती झुलत राहते आणि गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळते. त्यांनी त्याला हात लावला नाही. वॉरंटी आहे तोवर कंपनीकडे जा, असे त्यांनीच सांगितले, आणि माझ्या आग्रहावरून काय काय केले ते कागदावर तारीख घालून लिहून दिले. तो कागद पुढे फार उपयोगी पडला. २९ जुलैला अधिकृत केंद्रात वॉरंटीचा दावा दाखल केला, फोटो दिले, जॉब कार्डाची प्रत घेतली. ९ ऑगस्टला तोंडी उत्तर मिळाले की बाहेर काम केले आहे म्हणून दावा बसत नाही. मी लेखी मागितले, ते मिळेना. १२ ऑगस्टला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, जॉब कार्डाचा क्रमांक आणि मेस्त्रींच्या कागदाचा उल्लेख केला, ज्यात शॉकअप उघडल्याची नोंद कुठेच नव्हती. तक्रार क्रमांक लगेच मोबाइलवर आला. मला वादावादी येत नाही, आणि फोनवर आवाज चढवणे तर अजिबातच नाही. पण कागद क्रमाने लावून ठेवणे येते, आणि या कामी तेवढे पुरले. २१ ऑगस्टला कंपनीच्या अभियंत्याने गाडी पाहिली आणि उजवा शॉकअप मंजूर केला.

डावा मात्र मंजूर झाला नाही, कारण तो गळत नव्हता. एक नवा आणि एक चोवीस हजार किलोमीटर चाललेला अशी जोडी लावली तर गाडी वळणावर एका अंगाला वेगळी वागते, म्हणून डावा मी स्वखर्चाने घेतला, १६५० रुपये. सुटे भाग येण्यास आणखी बारा दिवस लागले. ३ सप्टेंबरला दोन्ही बसवले, आणि या वेळी निघण्यापूर्वी मी वाकून खाचा पाहिल्या: दोन्ही तिसऱ्या.

त्यानंतरची दोन-तीन निरीक्षणे. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. दीड हजार किलोमीटरनंतर बैठक ३४ वरून ३६ झाली आणि ती मर्यादेत असल्याने मी कडी हलवली नाही. पत्नीला मागे बसवून तुळजापूरला गेलो तेव्हा दोन्ही बाजू चौथ्या खाचेवर घेतल्या, मागची हवा स्टिकरप्रमाणे ३२ केली आणि परत आल्यावर दोन्ही पूर्ववत केले. हे विसरायचे नाही म्हणून किल्लीला एक दोरा बांधण्याची सवय लावली आहे. गाडी धुताना चिमट्याच्या जागी फवारा मारू देत नाही. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम चालूच आहे आणि कंबर पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही, पण टेबलाचा आधार सुटला आहे. दवाखाना सोडून एकूण खर्च ४७८० रुपये झाला. त्यातले पहिले ११४० माझ्या मते वाया गेले.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या शाळेतले एक सहकारी त्यांची गाडी घेऊन आले. शॉकअप फार कडक झाला आहे, कडी पहिल्या खाचेवर करून द्या, असे म्हणाले. मी डिकीतून मीटर काढून आधी मागचा टायर मोजला. त्रेचाळीस.